सगळे ऋतू एकदम खाली

आमच्या घरात वस्तू सापडत नाहीत, भेटतात. कात्री हरवली की मी नवी आणते, आणि नवी ठेवायला खण उघडला की जुनी आत आरामात बसलेली असते. नातवंडं हसतात. हसू देत. पण माझ्यासारखीला बहीण मात्र अशी मिळाली, की तिनं अंधारात हात घातला तरी हवं तेच हाती यावं. मावसबहीण म्हणायची, पण आम्ही एकाच वयाच्या, एका पाटीवर गिरवलेल्या, आणि दोघींनाही चौथीतच घरी बसवलेलं.

तिला सगळे फीतमावशी म्हणायचे. तिच्या वडिलांचं वस्तू भाड्यानं द्यायचं दुकान होतं. उन्हाळ्यात पंखे आणि कूलर, पावसाळ्यात ताडपत्र्या, गमबूट आणि पाणी उपसायचे पंप, थंडीत रजया आणि हीटर. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून या पोरीनं जुन्या कपड्यांच्या फिती फाडून प्रत्येक वस्तूला खूण बांधली. उन्हाची पिवळी, पावसाची निळी, थंडीची लाल. फितीला एक गाठ म्हणजे वस्तू ठणठणीत, दोन गाठी म्हणजे दुरुस्तीला पाठवायची. वडील गेले, फिती राहिल्या.

दुकानाचा नियम एकच होता. एक ऋतू खाली, बाकीचे माळ्यावर. उन्हाळा सरत आला की पंख्यांची पाती पुसून, तेल घालून ते वर चढायचे आणि ताडपत्र्या खाली उतरायच्या. पावसाळा संपला की ताडपत्र्या चांगल्या खडखडीत वाळवून वर. ओली ताडपत्री माळ्यावर गेली तर पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाला वासच भाड्यानं द्यावा लागतो, असं ती म्हणायची. आणि हे सगळं हवा बदलायच्या आधी. गिऱ्हाईक शिंकायच्या आत रजई खाली आली पाहिजे, हा तिचा हिशेब. गल्लीतले लोक आभाळाकडे बघत नसत, फीतमावशीच्या दाराकडे बघत. दारात लाल फिती लोंबायला लागल्या की बायका स्वेटरं उन्हात टाकायच्या.

तिचं लग्न राहून गेलं. आधी वडिलांचं आजारपण, मग धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याचंच लग्न. एकदा मीच म्हटलं, बाई, सगळ्यांचे ऋतू खाली आले, तुझा तेवढा माळ्यावरच राहिला. तर म्हणाली, असू दे, तिथे कोरडा आहे.

दुकानाच्या मागे एक खोली होती, त्यात ती राहायची. एक खाट, एक कपाट, एक शेगडी. दुकान आणि ही खोली, एवढंच काय ते तिचं. तेही कागदावर नाही. कागदावर भावाचं नाव लावा, असं वडील गेल्यावर तिनंच सांगितलं होतं. बाईमाणसाला कचेरीचे हेलपाटे नकोत, आणि भाऊ काय परका आहे का?

भाऊ परका नव्हताच. दोन गल्ल्या सोडून त्याचं घर. दुकानाच्या गल्ल्यावर तो बसायचा, गोड बोलायचा, गिऱ्हाइकं त्याच्यावर खूश. बाकी सगळं ताई. त्याच्या घरातलीही कपाटं तीच लावायची. ऋतू बदलला की दुकान उरकून ही त्याच्याकडे जायची, पदर खोचून स्टुलावर चढायची, मुलांचे गरम कपडे काढायची, सुती कपडे बांधून ठेवायची, आणि तिथेही फिती. वहिनीला स्वतःच्या घरातला चादरींचा कप्पा ठाऊक नव्हता. ठाऊक असायची गरजच काय? "ताई, ते कुठंय?" असं कुणी विचारलं की ही सांगायची नाही, उठायची. सांगण्यापेक्षा उठणं सोपं, म्हणे.

त्या वर्षी थंडी संपत आली होती. मी तिच्याकडे गेले ती माझी हरवलेली छत्री मागायला, कारण माझी वस्तू माझ्या घरात नसली तर तिच्याकडे असते. दारातच थबकले. पाय ठेवायला जागा नाही. रजयांच्या थप्प्या, त्यांच्या शेजारी पंखे, पलीकडे ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या, गमबूट जोडीजोडीनं भिंतीशी उभे. मी इतक्या वर्षांत ते दुकान असं पाहिलं नव्हतं.

म्हटलं, "हे काय गं? सगळे ऋतू एकदम खाली? कुणी घर सोडून पळतंय की काय?"

ती माळ्याच्या शिडीवर होती. केसांत कोळ्याची जाळी, नाकाला रुमाल, पण डोळे हसत होते. खाली उतरून मला कानात सांगितलं. भाऊ मोठी जागा घेतोय. पक्कं झालं की सांगतो म्हणालाय, तोवर सगळं एकदा डोळ्यांखालून घालायचं, जे मोडकं ते बाजूला, बाकी सगळं बांधून तयार. नव्या जागेत माळ्याला शिडी नाही, चांगला जिना असणार. तिच्या गुडघ्यांकडे बघून भावानंच काढलं होतं म्हणे ते. तिनं तर मनात नवं दुकान लावूनही टाकलं होतं. उत्तरेच्या भिंतीला रजया, दाराजवळ पंप. जुना हिरवा पडदा फाडून नव्या फितीसुद्धा करून ठेवल्या होत्या. हिरवा कशाला, विचारलं. म्हणाली, नव्या जागेत कुठला तरी नवा रंग नको का?

माझी छत्री तिनं न बघता काढून दिली.

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण छत्री परत विसरले होते आणि दोन दिवसांनी ती न्यायला पुन्हा गेले. दुकानात भाऊ होता आणि त्याच्याबरोबर एक चष्मेवाला गृहस्थ. हातात मोजायची टेप. मला वाटलं सुतार असेल, जिना करणारा. फीतमावशीलाही तसंच वाटलं असणार, कारण तिनं त्याला चहा केला होता आणि बशीसकट दिला होता. बशी ती फक्त मानाच्या पाहुण्याला देते.

तो माणूस थप्प्यांमधून फिरला. एक फीत बोटात धरून गाठ बघितली. तिनं हौसेनं समजावलं, एक गाठ काय, दोन गाठी काय, पिवळी कुठली, निळी कुठली. तो मान डोलावत राहिला.

मग भावाला म्हणाला, "तुम्ही म्हणालात तसंच आहे. नवीन पोरगं ठेवलं तरी त्याला दिवसभरात समजेल." आणि चहाचा घोट घेऊन, अगदी सहज, "मागची खोली कधी रिकामी होतेय?"

फीतमावशीनं आधी मागे वळून खोलीकडे पाहिलं. आपल्यामागे दुसरी कुठली खोली आहे का, असं. मग भावाकडे. भाऊ खाली बसून एका रजईची फीत सोडून परत बांधत होता. जन्मात त्यानं कधी फीत बांधली नव्हती. गाठ पडेना.

"कसली खोली?" ती म्हणाली.

तो चष्मेवाला ओशाळला. बहुतेक त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं. मी नंतर येतो म्हणून कप ठेवून निघून गेला. भाऊ बोलायला लागला तो थांबेचना. धंद्यात आता राम नाही, लोक वस्तू विकतच घेतात, मुलांचं पुढचं बघायचं आहे, तुझंही वय झालं, आणि तू आमच्याकडेच राहायचं, तुला काय कुणी वाऱ्यावर सोडतंय का. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिच्या हातात फडकं होतं, त्यानं ती एका पंख्याचं पातं पुसत राहिली. तेच पातं, पुन्हा पुन्हा.

मग तिनं एवढंच विचारलं, "मग हे सगळं माझ्याकडून खाली का काढून घेतलंस?"

आणि तो म्हणाला, खरंच मनापासून म्हणाला, "ताई, तू नसतीस तर इतक्या लवकर जमलंच नसतं."

केसानं गळा कापतात म्हणतात ना, तो केससुद्धा तिनंच विंचरून, धुऊन, त्याच्या हातात दिला होता. पसाऱ्याचं दुकान असतं तर घेणाऱ्याला तिची गरज लागली असती. माझं घर विकायला काढा बघू. वस्तू शोधायला तरी मला ठेवावं लागेल.

मला वाटलं, आता ही फिती तोडून फेकेल. मी तरी फेकल्या असत्या. तिनं काही केलं नाही. उलट संध्याकाळपर्यंत उरलेल्या रजया बांधल्या. मी चिडून म्हटलं, कुणासाठी मरतेस? म्हणाली, रजयांनी काय केलंय?

भावाकडे राहायला ती गेली, पण आठवडाभरच. तिथे तिची खाट बैठकीत टाकली होती, सकाळी उचलायची आणि रात्री टाकायची. त्या घरातला प्रत्येक कप्पा तिनं लावलेला, आणि तिच्या चार लुगड्यांना एकही रिकामा नव्हता. वहिनी म्हणाली, तुम्हीच बघा ना ताई कुठे बसतंय ते. तर ती एक पिशवी घेऊन माझ्या दारात आली. मी पिशवी घेतली आणि खुर्चीवर टाकली. पिशवी अजून त्याच खुर्चीवर आहे.

मी तर हौसेनं वाट बघत होते, की आता ही माझं घर लावणार, माझी कात्री एकदाची सापडणार. तिनं एक खण उघडला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, तिचे सगळे कपडे त्या एका पिशवीत एकमेकांत मिसळून गेले. शेजारणी विचारायच्या, मावशी, थंडी कधीची? ती म्हणायची, येईल तेव्हा कळेल.

थंडी आली, आणि तिच्याबरोबर भाऊ. आम्ही दोघी जमिनीवर मटार सोलत बसलो होतो. त्यानं माझी चौकशी केली, हवेची केली, मुलं कशी सकाळी कुडकुडतात ते सांगितलं. मग आला मुद्द्यावर.

"ताई, लोकरीचे कपडे कुठे ठेवलेस गं? हिनं सगळं घर पालथं घातलं."

तिचा पाय चपलेकडे गेला. मी बघितलं ना. बोटं चपलेत शिरलीसुद्धा, इतक्या वर्षांची सवय. मग तिनं पाय हळूच मागे घेतला, लुगड्याखाली दुमडला.

"माळ्यावर," ती म्हणाली. "पत्र्याच्या पेटीत, पाण्याच्या टाकीच्या मागे. लाल फीत आहे."

तो बसूनच राहिला. चहा संपला, तरी बसून. इतकी वर्षं उत्तर म्हणजे ताई उठते, हेच त्याला ठाऊक. तिनं दुसरी शेंग घेतली, सोलली, दाणे ताटात टाकले. मग आणखी एक. शेवटी तोच उठला. दारात म्हणाला, शिडी कुठे असते गं आमच्याकडे? तेही तिनं सांगितलं.

तो गेल्यावर आम्ही उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. दारातून गार वारा यायला लागला तशी तिनं खांदे आवळले.

"माझी शाल कुठंय गं?"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला असं विचारलं. मी पिशवीकडे पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं, खाटेवरच्या ढिगाकडे पाहिलं.

"असेल कुठेतरी," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी गुडघ्यांवर हात टेकत शोधायला उठलो.