डब्यापुढचा पाय

शाळेत बेसबॉल शिकवते म्हटलं की बालाघाटात लोक आधी माझ्याकडे पाहतात, मग विचारतात, "म्हणजे क्रिकेटच ना?" पोरींनाही सुरुवातीला तसंच वाटतं. बॉल मारला की बॅट हातात घेऊनच धावत सुटतात. हे खूळ आठवड्याभरात जातं. पण राजेगावहून बसने येणाऱ्या माझ्या एका अकरावीच्या पोरीचा पाय, तो मात्र जित्याची खोड होता.

झालं असं, की आदल्या वर्षी लालबर्‍याच्या एका उंच पोरीने टाकलेला बॉल हिच्या मांडीवर बसला. तेव्हापासून समोरून बॉल सुटला की हिचा पुढचा पाय बॉल टाकणाऱ्या पिचरच्या दिशेने पडायच्या ऐवजी बाहेर पळायचा. पाय गेला की त्याच्यामागे खांदा, खांद्यामागे डोकं. मग बॅट कितीही जोरात फिरवा, बॉल आरामात मागे बसलेल्या कॅचरच्या हातात.

"काहून नेतेस पाय तिकडं?" मी ओरडायची.

"मी नाही नेत, मॅडम. तो आपल्याच मनानं जाते."

मी टाचेमागे वीट ठेवली. बाईसाहेबांनी ती टाचेनेच सरकवली. मैदानात गाईंची काय कमी, तेव्हा एकदा रागारागाने तिला ताज्या शेणापुढे उभं केलं. पाय खुशाल शेणात. "शेणाले का भ्याचं? रोज गोवऱ्या थापतो," म्हणाली, आणि नळावर जाऊन पाय धुऊन आली. बाकीच्या पोरी पोट धरून हसत होत्या. मला हसू येत नव्हतं. तिच्या बापाने बजावलं होतं की यंदा संभागाच्या, म्हणजे विभागाच्या, संघात निवड झाली तर ठीक, नाहीतर खेळ बंद. शेवटच्या बसने पोरीने अंधारात उतरणं त्याला पटत नव्हतं, आणि त्याचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं.

शेवटी एक दिवस मी तिचाच जेवणाचा डबा तिच्या टाचेमागे ठेवला. आत आईने दिलेला भात आणि लाखोळीची डाळ. पहिल्याच बॉलला पाय गेला आणि डब्याला लागला. तिने बॅट टाकली, वाकून डब्याला हात लावला, तो कपाळाला लावला. तेवढ्यात बॉल गेला निघून.

"अन्नाले पाय लागला, मॅडम," ती रडवेली होऊन म्हणाली.

"मग नको लावूस."

तिने नाही लावला. चार दिवसांनी मी डबा उचलला, तरी पाय सरळच पडत राहिला. त्या चार दिवसांतच तिच्या आईने निरोप पाठवला होता, "डब्यानं नाही जमलं तर माही चप्पल ठेवा." मी मनात म्हटलं, ही बाई माझी नोकरी घेणार.

निवडीचा सामना आमच्याच मैदानावर झाला. निवड करायला बाहेरून एक सर आले होते. समोर पिचर कोण, तर तीच लालबर्‍याची उंच पोरगी. पण पहिल्या खेपेला आमच्या पोरीने बॉल असा मारला की तो गवतात शोधावा लागला. दुसऱ्या खेपेला बॉल आत आला आणि नेमका त्याच मांडीवर बसला. आवाज मला कुंपणापाशी ऐकू आला.

मी धावले. ती मांडी धरून खाली बसली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पाय नाही हलला, मॅडम. पाह्यलं ना?"

तीन महिने मी यासाठीच घसा कोरडा केला होता, आणि आता मला तिचा अस्सा राग आला. "अंगावर येते तेव्हा हलवाचा असते व माय!"

तिने बाहीला नाक पुसलं. "मंग तुमी एक काय ते ठरवा ना."

बॉल अंगाला लागला की खेळणारीला पहिला बेस, म्हणजे धावायचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. ती लंगडत तिकडे निघाली. सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "लड़की तो हटी ही नहीं. इसे ले रहे हैं." मी मान हलवली. ती बेसवर उभी राहून मला हात करत होती, आणि मला पदराने डोळे पुसावे लागले.