जिऱ्याएवढ्या अळीची ओळख

निवृत्त माणसांनी काही शोधायला घेतलं की शोध राहतो बाजूला आणि किस्से साठत जातात. आमचंही तसंच झालं. सकाळी फिरायला जाणारे आम्ही चौघे: प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले माने सर, माजी पैलवान बापू, टेलर शौकतभाई आणि मी, निवृत्त क्लार्क.

गारगोटीकडच्या जंगलात सरांना किंजळीच्या पानावर एक अळी सापडली. आधी पान आतून पोखरायचं, मग त्याचाच तुकडा कातरून खोळ शिवायची आणि ती अंगावर घेऊन हिंडायचं, असा तिचा संसार. पण जात कुठली? सरांची झोप उडाली. "जन्मभर पोरांकडून नावं पाठ करून घेतली, आणि हिचं मला येईना!"

*

अळीची बरणी सरांनी स्वयंपाकघरात ठेवली. सकाळी वहिनी म्हणाल्या, "अळी होय? मी फोडणीला घेणार होते!"

तेव्हापासून बरणीवर चिठ्ठी आहे: 'जिरे नव्हे'.

*

शौकतभाईंनी भिंगातून खोळ पाहिली. "शिलाई झकास हाय. पण मार्जिन सोडलं न्हाई. अंग भरलं की अडकणार."

पुढच्या आठवड्यात अळीनं नवी, मोठी खोळ शिवली.

"बघा," शौकतभाई म्हणाले, "गिऱ्हाईक ऐकणारं हाय!"

*

ताज्या पाल्यासाठी बापू मोटारसायकलवरून जंगलात जायचा. एकदा तिथल्या म्हाताऱ्यानं हटकलं, "पावणं, पाला शेळीला व्हय?"

"न्हाय, अळीला."

"कुठं असती?"

"कोल्हापुरात."

म्हाताऱ्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मग तिलाच हितं आणून सोडा की!"

*

सर परगावी गेले तेव्हा बरणी माझ्याकडे होती. हयातीचा दाखला द्यायला ती सोबत घेऊनच बँकेत गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, ही जिवंत आहे?"

"पान खातेय बघा."

माझं बोट मात्र मशीन काही केल्या घेईना.

"हिचा दाखला लगेच देते," मुलगी म्हणाली. "तुमचं अवघड दिसतंय!"

*

पुण्याच्या तज्ज्ञांनी फोनवर सांगितलं, "खोळीवरून जात नक्की होणार नाही. पतंग बाहेर आला की फ्रीजरमध्ये ठेवून मारा. मग पोट फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. दुसरा मार्ग नाही."

"त्यात काय! मी जन्मभर बेडूकच फाडलेत," सर म्हणाले.

एका सकाळी पतंग निघाला. राखाडी, तांदळाच्या कणीएवढा. सरांनी बरणी फ्रीजरमध्ये ठेवली आणि आम्ही बाहेरच्या खोलीत चहा घेत बसलो. बापू पाणी प्यायला आत जाऊन आला. मग शौकतभाई कप ठेवायला. मग मी, उगाच. वहिनी तर आतच होत्या. शेवटी सर उठले. "बघून येतो."

बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून आम्ही आत गेलो. बरणी खिडकीत होती, झाकण शेजारी.

तेवढ्यात पुण्याचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला.

"काय सर, पटली का ओळख?"

सर खिडकीबाहेर बघत होते.

"नाही हो," ते म्हणाले. "जरा घाईत होता."