सव्वापाचच्या आत

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातलं आमचं रेडिओ स्टेशन दिवसाच बोलायचं. सूर्य मावळला की रेडिओवरची ती जागा दूरच्या मोठ्या शहरातल्या स्टेशनची, आम्हाला कायद्याने बंद व्हावं लागे. डिसेंबरभर बंद व्हायची वेळ सव्वापाच. ओलेटा स्टिडम एकटी ते चालवायची. मयतीच्या सूचना, उद्या कुठली खाण चालू, सगळं तीच वाचायची. मी सत्तावीस वर्षं कोळसा भरला. कामात तिच्याइतकं चोख माणूस पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी खाणीतल्या सहाच्या पाळीसाठी बूट चढवत होतो. रेडिओवर आमचे पाद्री ब्रदर एन्सल यांची प्रार्थना चालली होती. "हे प्रभू, आम्हाला..." इथवर ते आले आणि एकदम ओलेटाचा आवाज आला.

"ओढ्यावरचा पूल मधून वाहून गेलाय. सहाच्या पाळीवाल्यांनो, घरीच थांबा."

हेच तिने तीनदा सांगितलं. सावकाश, एकही शब्द न गिळता. मग स्टेशनचं नाव आणि शांतता. घड्याळात बरोबर सव्वापाच.

ओढ्यापलीकडच्या दुकानदाराने पाच बाराला स्टेशनला फोन केला होता, हे नंतर कळलं. अलीकडे वाट अडवायला कुणी नव्हतं. मी कंदील घेऊन निघालो. बघतो तर पुलाच्या तोंडाशी ओलेटाची मोटार आडवी लावलेली आणि शेजारी ब्रदर एन्सल, गाल फुगवून.

"बाई, तुम्ही देवाशी चाललेलं बोलणं तोडलंत!"

"देवाला ऐकायला रेडिओ लागत नाही, ब्रदर. कंदील जरा वर धरा."

मी म्हणालो, "ओलेटा, अजून पाच मिनिटं चालू ठेवायचं होतंस ना!"

"तेच कान परत ऐकणार, क्लेल. ज्यांनी ऐकलं ते येणार नाहीत. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी इथे आलेय."

पावणेसहाला आमच्याच पाळीतल्या हर्शेलचा ट्रक भरधाव आला. मोटार बघून त्याने करकचून ब्रेक लावला.

"रस्त्यात काय लग्न लावताय? हटा, पाळी चुकेल माझी!"

ब्रदरांच्या हातातला कंदील घेऊन ओलेटाने त्याला पुलाच्या कडेपर्यंत नेलं. पुढे नुसतं काळं पाणी.

हर्शेलने टोपी काढली. "रेडिओची बॅटरी चार दिवस झाले संपलीय," तो हळूच म्हणाला.

"तुझ्या घराच्या वरच्या बाजूला अजून कोण राहतं?"

"टर्मन. तोही सहाच्याच पाळीला, पण त्याच्याकडे रेडिओच नाही."

"मग ट्रक वळव," ओलेटा म्हणाली आणि दार उघडून आत बसलीसुद्धा.