बिनकाजाचे सदरे

पाटणच्या पेठेत कुणी शिंपीमावशींना ‘शिंपीण’ म्हटलं की त्या मशीन थांबवत, दातातला दोरा काढत आणि विचारत, “शिंपीण म्हंजी कोण? शिंप्याची बायकू. तिच्याकडं काम असंल तर शिंपी पलटणीतनं आल्यावर या. कापड शिवायचं असंल तर मी शिंपी हाय.” माणूस कितीही मोठा असो, हे ऐकून घेतल्याशिवाय त्याचं कापड आत जात नसे. माझे वडील कचेरीत कारकून. बदली होऊन पाटणला आल्या-आल्या त्यांनाही ते ऐकावं लागलं. घरी येऊन म्हणाले, “बाई तोंडाळ आहे, पण हात चांगला आहे.”

लढाईपूर्वी मशीनवर मावशींचे यजमान बसत. सगळे त्यांना बापू म्हणत. दुकानाची पाटी त्यांच्या नावाची, कात्री त्यांच्या हातात. मावशी आतल्या अंधारात तुरपाई आणि काजं-बटनं करत. शिंप्यांच्या घरोघरी हीच रीत होती. मग लढाई पेटली, बापू खाकी शिवायला पलटणीत भरती झाले आणि कात्री खिळ्याला लटकली. मावशींनी ती खाली काढली तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले, आता लोकांच्या कापडाचं वाटोळं होणार. “कात्रीला काय कळतंय, बाईनं धरली का बाप्यानं?” एवढंच त्या म्हणाल्या.

तोवर बायकांची मापं कुणी घेतच नसे. परक्या पुरुषानं अंगाला टेप लावायची सोय नव्हती, म्हणून मापाला जुनी चोळी पाठवायची. जुनी काखेत दाटत असली की नवीही दाटायची, आणि चोळी म्हणजे दाटायचीच, अशी बायकांची समजूत होती. मावशी जुनी चोळी परत पाठवत. “चोळी नगं, बाईला धाडा.” आईनं पहिल्यांदा त्यांच्याकडची चोळी घातली त्या दिवशी हात उंच करून फळीवरची लोणच्याची बरणी एकटीनं खाली काढली, आणि उगाचच परत वर ठेवून पुन्हा काढली. तिला इतकं हसताना मी क्वचितच पाहिलं आहे.

लढाई संपली, बापू परत आले. आल्या-आल्या मशीनवर बसले, कात्री उचलली आणि सदऱ्यांचा गठ्ठा मावशींकडे सरकवला. मापाच्या जुन्या चोळ्या पुन्हा येऊ लागल्या. इतकी वर्षं खाकी बेतलेला हात, चोळ्यांनाही परेडचा ताठा आला. मावशी मात्र ओट्यावर हाताची घडी घालून बसून राहिल्या.

“अगं, काजं कर की,” बापू म्हणाले.

“काजं शिंप्याची बायकू करती. हितं दोन शिंपी हाईत. बायकू कुठं दिसली तर सांगा तिला.”

सदरे साठत गेले. माझे वडील छातीवर टाचण्या लावून कचेरीत जाऊ लागले. पेठ अर्थातच बापूंच्या बाजूची. बाईमाणसाला एवढा ताठा बरा नव्हे, असं जो तो ऐकवून जाई. मला घेऊन दुकानात गेलेली आईसुद्धा न राहवून म्हणाली, “मावशी, घर मोडेल हो अशानं.”

मावशींचा आवाज तेव्हा पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. “त्येचं भ्या वाटतंयच की, वैनी. पर एकदा का कात्री सोडली, तर परत कोन दील मला?”

आम्ही तिथे असतानाच पाटलीणबाई आल्या. लेकीचं लग्न ठरलं होतं, हातात खणांचं गाठोडं. स्वतः पाटलाची बायको म्हणूनच पाटलीण झालेल्या, पण काखेत दाटणारी चोळी त्यांनीही घातलेली होती. पायरीवरूनच त्यांनी विचारलं, “शिंपी हाय का?”

बापू लगबगीनं उठले. “हाय की. या, बसा.”

“तुमी न्हवं, बापू. शिंपी.”

बापू उभेच राहिले. कात्री त्यांनी या हातातून त्या हातात घेतली, मग मुठीची बाजू पुढं करून मावशींच्या समोर धरली. सदऱ्यांचा गठ्ठा स्वतःकडे ओढला आणि सुईत दोरा ओवला. काजं अशी भरभर झाली की मावशी बघतच राहिल्या.

“ही कवा शिकला?”

“पलटणीत. तितं बायका कुठं हुत्या?”

मावशी हसल्या, मग सगळेच हसले. बापू तेवढे मान खाली घालून काजं करत राहिले.

पुढं वडिलांची सांगलीला बदली झाली. निघताना मावशींनी मला पोलकं शिवून दिलं. “वाढत्या अंगाची हाय. आत माया ठिवलीया, उसवून घ्या.” ते पोलकं मला कितीतरी दिवस पुरलं. दुकानाची पाटी बदलायची का, असं बापूंनी त्यांना एकदा विचारलं होतं म्हणे. “पाटी वाचून कोन येतंय?” मावशी म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण दसऱ्याला मशीन, कात्री, टेप सगळं पुसणाऱ्या मावशींनी ती पाटी कधी पुसलेली मी पाहिली नाही.

बऱ्याच वर्षांनी पाटणला जाणं झालं. पाटी तीच होती, अक्षरं तेवढी उडाली होती. बापू ओट्यावर सदरा मांडीवर घेऊन बसले होते. मशीनवर फडकं टाकलेलं. मी ओळख सांगितली आणि मावशींची चौकशी केली.

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. कात्री तिथे लटकत होती.

“शिंपी गेला, बाई,” ते म्हणाले. “औंदाच्या उन्हाळ्यात. लोकं आता दुसरीकडं शिवत्यात. मी काजं तेवढी करतो.”