सपाट जमिनीवर उजवीकडं

एकोणपन्नासाव्या वर्षी माणसानं काय करावं, याबद्दल आमच्या लातूरच्या डाळ मिलवाल्यांत एकमत आहे. साखर तपासून घ्यावी, मुलीच्या लग्नाचं बघावं आणि सकाळी मैदानावर चार फेऱ्या माराव्यात. मी पहिलं केलं. दुसऱ्याला मुलगीच नको म्हणाली. आणि फेऱ्यांच्या ऐवजी मी दोन दाराची, बसकी, जुनी स्पोर्ट्स कार घरी आणली. हैदराबादच्या एका डॉक्टरनं ती कंबर धरली म्हणून विकायला काढली होती. पुढं माझीही धरली, पण ते नंतर.

आईनं गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि विचारलं, "हिच्यात बसायचं का हिला कडेवर घ्यायचं?"

बायको गाडीकडं न बघता आत गेली. आमच्याकडं ते जास्त वाईट.

गाडी घरात शोभेची म्हणून राहिली असती, पण नांदेडला माझा मेव्हणा आहे. त्यानं आणि त्याच्या चार मित्रांनी ऑटोक्रॉस सुरू केलं होतं. ऑटोक्रॉस म्हणजे मोठ्या फरशीवर प्लास्टिकचे केशरी कोन मांडायचे, त्यांच्यामधून वाट आखायची आणि एका वेळी एकच गाडी सोडायची. शर्यत घड्याळाशी. कोन पाडला की दोन सेकंद दंड, वाट चुकली की फेरी बाद. गाड्या रोजच्या वापरातल्या आणि माणसंही रोजच्या वापरातलीच. प्रत्येकाला तीन फेऱ्या. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, गाडी घेऊन बसलाव तर या की. नुसती पुसून राहिलाव का?"

मग मी गाडी तयार करायला घेतली. तयार करायची म्हणजे आधी हलकी करायची. स्टेपनी काढली, जॅक काढला, मागची गादी काढली. मग चारी चाकांवर किती किती वजन येतं ते बघायचं होतं. मोठ्या शहरात त्याला खास काटे मिळतात म्हणे. आमच्याकडं मिल आहे, काट्यांची काय कमी? पोती तोलायचे दोन प्लॅटफॉर्म काटे आमचे, दोन शेजारच्या मिलमधून आणले आणि एकेका चाकाखाली एकेक सरकवला. गाडी तोलताना चालवणारा आत पाहिजे. पण मला आकडे वाचायचे होते, म्हणून माझ्या जागी तूरडाळ बसवली. पन्नास किलोचं एक पोतं आणि तीस किलोचं एक.

बायको चहा घेऊन आली. पोत्यांकडं बघितलं.

"हे कोण?"

"मी."

"अजून चौदा किलो टाका," ती म्हणाली आणि हमालांच्या देखत कप ठेवून गेली.

चौदा किलो टाकल्यावर उजवं मागचं चाक एकदम जड दाखवायला लागलं. गाडीत जे जे काढता येण्यासारखं होतं ते काढून झालं होतं. उरलेलं काढता येण्यासारखं नव्हतं.

आता राहिली चाकं. वळणावर गाडी बाहेरच्या चाकावर झुकते, तेव्हा टायर जमिनीला पूर्ण टेकावा म्हणून पुढची चाकं वरच्या अंगानं थोडी आत झुकवून ठेवतात. मी कॉम्प्युटर अलाइनमेंटच्या नव्या दुकानात गेलो. तिथला माणूस भला होता, पण त्याच्या पडद्यावर हिरवा रंग येईपर्यंत तो थांबत नव्हता आणि मला जे पाहिजे होतं ते त्याच्या पडद्यावर लाल होतं. "साहेब, लाल ठेवून गाडी देता येत न्हाई," तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

रस्त्याच्या पलीकडं चाचांचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पुढं सिमेंटचा कोबा. चाचा तीस वर्षं गवंड्याच्या लाइनदोरीनं आणि ओळंब्यानं चाकं लावत आलेत. जीप, टेम्पो, आमच्या वडिलांची ॲम्बेसेडर, सगळं त्यांच्या दोऱ्यातून गेलेलं. पण समोर पडदा आला आणि शेडपुढची रांग गेली. त्यातच चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बाजारात बोलणं सुरू झालं, चाचांची नजर गेली. नजर गेलेल्या माणसाकडं दोऱ्याचं काम कोण देणार? त्यांचा मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो. तो म्हणत होता, अब्बा, आता शटर ओढा, घरी बसा. चाचांनी त्याला दिवाळीपर्यंत थांब म्हणून सांगितलं होतं. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, ओळंबा मडगार्डवरून सोडता सोडता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

"शेठ, मशीनला हिरवं पायजे. तुमाला काय पायजे?"

मी सांगितलं. त्यांनी दोऱ्यापासून रिमचं अंतर मोजलं, वर आणि खाली. मोजमाप सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. मिलीमीटर ही त्यांच्या दृष्टीनं शाळेतली गोष्ट. दुपारभर ते बोल्ट सैल करत होते, आवळत होते, गाडी दोन हात मागं-पुढं ढकलून पुन्हा मोजत होते. डाळीची पोती मिलमधून मागवून पुन्हा सीटवर बसवली होती. मी बाहेर उभा राहून स्वतःला बघत होतो. पोती माझ्यापेक्षा शांत बसली होती.

नांदेडला जायच्या दिवशी मी चाचांना म्हटलं, चला. ते आधी नको म्हणाले, मग धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. खिशात दोरा आणि ओळंबा, हातात पान्ह्यांची पिशवी. अहमदपूरच्या पुढं रस्ता मोकळा लागला तेव्हा ते म्हणाले, "शेठ, हात सोडा."

"काय?"

"स्टेअरिंग सोडा म्हणून राहिलो."

मी सोडलं. गाडी रेषेवर चालत राहिली, पट्ट्याच्या या बाजूला नाही की त्या बाजूला नाही. चाचा पुढं बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. पण त्यांनी हे लोह्यापर्यंत मला तीनदा करायला लावलं.

स्पर्धा एका जिनिंगच्या आवारात होती. हंगामात तिथं कापसाचे डोंगर असतात. हंगाम संपला की कोब्याचं नुसतं सपाट मैदान उरतं. वीसेक गाड्या होत्या. मेव्हण्याच्या हातात माइक होता आणि माइक असला की त्याला लग्नाच्या हॉलमध्ये असल्यासारखं वाटतं. लातूरचे दोघं ओळखीचेही आले होते, टॅक्सी चालवणारे. त्यांना बघून मला बरं वाटलं. नंतर वाटलं नाही.

पहिली फेरी. उजव्या वळणाला गाडी चाकू. डाव्या वळणाला म्हैस. उजवीकडं म्हटलं की माझ्या आधी वळायची, डावीकडं म्हटलं की पुढंच सरकत जायची, आणि सरळ पट्ट्यात हात जरा ढिला केला की उजवीकडं ओढ घ्यायची. मी चार कोन पाडले. चारही उजव्या अंगाचे. पाचवा गाडीखाली अडकून शेवटच्या रेषेपर्यंत माझ्याबरोबर आला.

मेव्हणा माइक घेऊन खिडकीशी आला. "दाजी, एक कोन घरी न्यायचा का? काय झालं, गाडीचं काही?"

आणि मी, सगळं मैदान ऐकत असताना, म्हणालो, "अलाइनमेंट चुकलंय. चाचांनी घोळ करून ठेवला."

माझा आवाज बारीक आहे. मिलमध्ये दोन हमाल सोडले तर माझं कुणी ऐकत नाही. त्या दिवशी कर्ण्यातून तो जिनिंगच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला. चाचा सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी ऐकलं. टॅक्सीवाल्यांनीही ऐकलं. त्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "नजर गेली म्हणत होते ते खरंच हाय की." हे बोलणं आम्ही परतायच्या आत लातूरला पोचणार, हे मला त्याच क्षणी कळलं. कळून उपयोग नव्हता.

मी चाचांकडं गेलो. काहीतरी गुळमुळीत बोलायचं होतं, ते त्यांनी बोलू दिलं नाही. "कुठं वढती?"

"उजवीकडं. डाव्या वळणाला वळतच नाही."

ते उठले. वाकून कोब्याला हात लावला. मग मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि कपाळावर हात ठेवला.

"सपाट हाय," ते म्हणाले. "शेठ, हे सपाट हाय."

मला कळेना.

"आपला रोड सपाट असतो का? पानी उतरावं म्हणून डाव्या अंगाला उतार ठेवत्यात. गाडी बी मग डावीकडं उतरती. म्हणून मी उजवं चाक एक सूत कमी झुकवतो. गाडी जराशी उजवीकडं वढती, उतार डावीकडं वढतो, फिट्टंफाट. तीस वर्सं करून राहिलो. हातानंच केलं. डावं तीन सूत, उजवं दोन सूत. इचारलंच न्हाई तुमाला, जमीन कसली म्हणून."

म्हणजे नजर चुकली नव्हती. ती एक सुताचा फरक बरोबर बघत होती, ठरवून ठेवत होती. चुकला होता तो हात, आणि तोही आमच्या रस्त्यांशी इमान राखून. अहमदपूरच्या पुढं हात सोडल्यावर गाडी रेषेवर का चालली, ते मला आत्ता कळलं. तेव्हा मला वाटलं होतं, गाडी सरळ आहे. सरळ ती फक्त त्या रस्त्यावर होती.

"मीच सांगायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

"तुमी कशाला. तुमाला काय म्हाईत." हे त्यांनी मला सोडवायला म्हटलं की सुनवायला, ते अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या फेरीला तासभर होता. मेव्हण्याकडून जॅक आणला. चाचांनी चाक काढलं, बोल्ट सैल केले, पुन्हा चाक लावून गाडी ढकलली, ओळंबा सोडला. आत डाळ नव्हती, म्हणून या वेळी मीच बसलो, पोत्यासारखा, न हलता. बाजूला माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "चाचा, दोऱ्यानं बरोबर येतं का?" चाचांनी ओळंबा पुन्हा सोडला. वारा होता, ओळंबा हलत होता. त्यांनी मला खिडकीतून हात बाहेर काढून वर्तमानपत्राचा आडोसा धरायला सांगितलं. मी धरला. हात भरून आला तरी धरला. तेवढंच माझ्याकडून होण्यासारखं होतं.

"तीन सूत, तीन सूत. जावा."

दुसऱ्या फेरीला गाडी बदलून गेली होती. डावीकडं म्हटलं की डावीकडं, उजवीकडं म्हटलं की उजवीकडं, मधे जराही कुरकूर नाही. मला इतका आनंद झाला की तिसऱ्या कोनानंतर डावीकडं वळायचं सोडून मी सरळ गेलो. मजेत, वेगात, कापसाच्या शेडपर्यंत गेलो. तिथं गेल्यावर लक्षात आलं की आजूबाजूला एकही कोन नाही. फेरी बाद.

वळून आलो तेव्हा मेव्हणा माइक घेऊन तयारच होता. "दाजी, कुठं गेलावता? पुन्हा अलाइनमेंट?"

टॅक्सीवाले बघत होते. चाचा खुर्चीत बसले नव्हते, उभे होते. "अलाइनमेंट," एवढं म्हणून गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. लोकांनी पुढचं आपलं आपण धरलं असतं.

मी माइक हातात घेतला. म्हणालो, "गाडी सुतासारखी सरळ आहे. मघाशी मी चुकीचं बोललो. चाचांनी गाडी रस्त्यासाठी लावली होती, मैदान आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. एका सुताचा फरक होता, तो त्यांनी डोळ्यांनी काढला. आणि आत्ता वाट चुकलो तो मी. मला वाट कळली नाही."

"न कळायला काय झालं, दाजी? मोठा बाण काढलाय की चुन्यानं."

"बाण दिसला नाही. नजर माझी गेलीय."

लोक हसले. चाचा हसले नाहीत. ते गाडीपाशी आले आणि उजव्या चाकावर पायानं दोनदा हाणलं, विकायच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसं.

तिसरी फेरी मी पूर्ण केली. एकही कोन पाडला नाही. वेळ सांगण्यासारखी नव्हती. माझ्या मागं दोनच गाड्या होत्या, त्यातल्या एकीचा क्लच जळाला होता.

परतताना पुन्हा तोच रस्ता, तोच उतार. पण चाकं आता मैदानाची. लोह्यापासून गाडी डावीकडं उतरायला लागली ती थेट लातूरपर्यंत. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग उजवीकडं धरून बसलो होतो. चाचांनी एकदा माझ्या हातांकडं बघितलं.

"हात सोडू नगा," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. अहमदपूर येईपर्यंत घोरायला लागले होते.

घरी बायकोनं दंडाला तेल लावून दिलं. "कितवे आलात?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "बरं झालं. वरचा नंबर आला असता तर दरवेळी जायला लागलं असतं," ती म्हणाली. पण माइकवरचं तिला आधीच कळलं होतं, भावाचा फोन आला होता. तेल लावायला तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्याची करून घ्यायला दहा वाजता चाचांच्या शेडवर गेलो. कोब्यावर जागा नव्हती. कालच्या टॅक्सीवाल्यांपैकी एकाची गाडी जॅकवर होती आणि तो स्वतः वर्तमानपत्र धरून वाऱ्याला आडवा उभा होता. चाचा ओळंब्यामागं वाकलेले. त्यांनी मान वर केली नाही.

"थांबा शेठ," ते म्हणाले. "तुमचा नंबर दुसरा हाय."