स्नुखा, सून आणि सासूबाईंचा प्रश्न

शनिवारी सकाळी अकरा वाजता माझं ऑनलाइन प्रेझेंटेशन होतं, भाषाशास्त्राच्या एम.ए.चं. आधीच्या दोन तारखा घरच्या कामांत गेल्या... ही तिसरी आणि शेवटची.

विषय मीच निवडलेला. फार पूर्वी स्लाव लोक सुनेला काय म्हणायचे? 'स्नुखा'! म्हणजे संस्कृतातल्या 'स्नुषा'ची बहीणच, आणि 'स्नुषा' झिजून आपली 'सून' झाली. हा शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही. रशियन, बल्गेरियन अशा भाषांवरून मागे जात जुळवलाय, म्हणून लिहिताना त्याच्याआधी चांदणीची खूण (*) करतात.

नाशिकरोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये दार लावून बसले. फक्त दहा मिनिटं मागितली होती हो मी घराकडे!

दुसऱ्याच मिनिटाला सासूबाई आत. "मेघा, कुरिअरवाला ओटीपी मागतोय."

दिला. मग शेजारचं ड्रिल मशीन. मग आमचा कुकर. त्या गोंगाटात मी व्याकरणावर आले... मुळात, संस्कृत आणि स्लाव दोन्हींच्या आधीच्या भाषेत, हा शब्द पुल्लिंगी वाटावा असा 'ओस'ने संपायचा, अर्थ मात्र सून! पुढे आपल्याकडे आणि तिकडेही त्याला स्त्रीलिंगी 'आ' लागला. स्लावांकडे 'सुनेला' म्हणताना तर 'ख'चा 'स' होऊन 'स्नुसे' व्हायचं.

तेवढ्यात पुन्हा दार. "शिट्ट्या किती झाल्या गं?"

माझा असा संताप झाला की म्यूट न करताच ओरडले, "आई, मी इथे सुनेवरच बोलतेय!"

सासूबाई मूळच्या सायखेडा गावच्या, रोखठोक बाई, त्या कशाला बिचकतायत? गॅस बंद करून आल्या आणि पलंगावर टेकल्या. "बोल की मंग. ऐकते मी."

शेवटी परीक्षा घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, प्रश्न विचारा. आणि मागून आवाज आला, "सून होती, तर मंग सासू नव्हती का तवा?"

मला धरणी दुभंगावी असं झालं. पण मॅडम सरसावून बसल्या. "छान प्रश्न. मेघा, उत्तर द्या."

उत्तर मला येत होतं. 'स्वेक्री'. संस्कृतात 'श्वश्रू', आपली 'सासू'. दोन्ही शब्द हजारो वर्षं एकाच घरात नांदलेले... सांगताना मी मागे वळून पलंगाकडे पाहिलं.

पास झाले. अख्ख्या वर्गातून एकच प्रश्न आला, तोही पाचवीत शाळा सुटलेल्या बाईकडून. आता चिडू तरी किती?