मास्तरांच्या खांद्याखालची डबी

गाडी शिकवणारे मास्तर शिकाऊ लोकांवर खेकसायचे, "भीती घरी ठेवून येत जा!" रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा मात्र त्यांची स्वतःची भीती त्यांच्या आधी दवाखान्यात पोहोचली. हे पुढे तेच हसत सांगायचे.

दोन महिन्यांच्या औषधांनी हातांच्या शिरा काळ्यानिळ्या, टणक झाल्या. सुई लावणारी सिस्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. भर चौकात तिची गाडी बंद पडली तेव्हा, "हे तुमच्याच्याने व्हायचं नाही," असं मास्तर तिला सुनावून बसले होते. आता तिसऱ्यांदा सुई चुकली, तसे ते मनात म्हणाले, घ्या, भोगा आपल्या कर्माची फळं.

सूडबिड तिच्या ध्यानीमनीही नव्हता. तिनेच डॉक्टरांना सांगितलं, "यांच्या हाताला आता शीर मिळत नाही. पोर्ट बसवू या."

डॉक्टरांनी समजावलं. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी डबी, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवायची. तिची नळी छातीतल्या मोठ्या शिरेत. पुढची सगळी औषधं तिच्यातूनच द्यायची.

"माझ्या शिरा ठणठणीत आहेत," मास्तर म्हणाले.

"अहो, काल सुई बघून पलंगाखाली चप्पल शोधत होतात," बायको म्हणाली.

"खरंच सापडत नव्हती."

"पायात होती!"

डॉक्टरांनी हसू दाबत विचारलं, "गाडी शिकवताना सीटचा पट्टा कोणत्या खांद्यावरून येतो? डबी दुसऱ्या बाजूला बसवू."

मास्तरांनी डाव्या खांद्यावर हात ठेवला. आपण पुन्हा शिकवणार, हे हा माणूस धरूनच चाललाय! त्यांनी मुकाट्याने सही केली.

डबी बसवताना तेवढीच जागा बधिर केल्यामुळे ते जागे होते. तोंडावरच्या कापडाआडून "सावकाश, घाई नको" अशा सूचना देत राहिले. शेवटी "सुरू कधी करणार?" असं विचारलं, तेव्हा डॉक्टर हातमोजे काढत होते.

डबीतून पहिलं औषध द्यायच्या दिवशी सिस्टर वाकली आणि मास्तर किंचाळले, "आई गं!"

"मास्तर, नुसता कापूस लावलाय."

अख्खा वॉर्ड हसला. मग सुई एकाच खेपेत बसली, ती त्यांना कळलीही नाही.

सात महिन्यांनी आजार आटोक्यात आला. डबी तूर्त राहू दिली आहे. मास्तर पुन्हा शिकवतात, आणि ठरल्या दिवशी नळी धुवून घ्यायला जातात. बायको सोबत असतेच. एकटं सोडलं तर हे अर्ध्या वाटेतून माघारी फिरतील, असं तिचं म्हणणं. मास्तरांचंही तेच म्हणणं आहे.